सातव्या टँकरवरची रेष

४ जाने.
मॉडेल मालगाडीचा सातवा टँकर पुरा झाला. पीव्हीसी पाइपची टाकी, खऱ्यापेक्षा सत्त्याऐंशी पट लहान. नंबराचे अकराही आकडे तीन केसांच्या ब्रशने. डिसेंबरात रेल्वे फाटकापाशी पेट्रोलची मालगाडी उभी होती, तेव्हाच्या फोटोंवरून. कुंपणाच्या तारेखालून आत शिरलो होतो. गेटमन देवचंद धावत आला, "सर, मांगं या! कोणी पाह्यलं त मले फासावर देतीन." हसलो होतो.

६ जाने.
बायको, नंदा, मॉडेलांचं कपाट पुसत होती. "ना डाळ मावत तुमच्या डब्यात, ना साखर. अन् हा तडकला काहून?"
म्हटलं, तडकला नाही. टाकी आधारावर बसते तिथला वेल्डचा जोड आहे. फोटोत आहे तसा काढला.
"मंग दुसऱ्या बाजूनं काहून नाही?"
भिंग घेतलं. बाकी सहा टँकरांचे फोटो पाहिले. कुठेच नाही. ही रेष जोडाला छेदून वर टाकीवर चढते. खाली ओला डाग. तो मी गंज समजून तपकिरी रंगवला.
तडाच आहे.

७ जाने.
कॉलेजात दोन तास घेतले, काय शिकवलं आठवत नाही. फोटो काढून एकवीस दिवस झाले. इतके दिवस ती रेष भिंगाखाली धरून फक्त रंगाची छटा जुळवत होतो. तो टँकर आत्ता कुठल्या गावातून…
कळवायचं तर कुठे उभा होतो ते सांगावं लागेल. नोकरी जाईल. हा विचार आधी आला, माणसांचा नंतर. नोंदवून ठेवतो.

८ जाने.
निनावी पत्र लिहिलं, फाडलं. फोटोशिवाय कोण मानेल? तडा आणि नंबर एकत्र दिसतो असा फोटो एकच. त्यात मला ओढायला आलेला देवचंद, नंबराला खेटून. त्याला कापलं की शेवटचे आकडेही जातात.

९ जाने.
देवचंदला फोटो दाखवला. रेल्वेला कळवू का, विचारलं. तो म्हणाला, "द्या सर. पेट्रोल हाये ते. पण मी तुमाले रोकलं होतं, हे लिवजा."
रेल्वेला द्यायच्या अर्जात पहिलं वाक्य तेच लिहिलं.

१० जाने.
स्टेशनमास्तरांनी मॉडेल हातात घेतलं, तड्यावर नख फिरवलं. "इतकं बारीक पाहता, अन् इतके दिवस गप्प?"
त्यांनी वर फोन करून नंबर कळवला. मग वेगळ्या कागदावर देवचंदचं नाव लिहिलं. खाली माझं. मॉडेल ठेवून घेतलं.

१३ जाने.
फाटकावर नवा माणूस. "देवचंद? मले काई माहीत नाही. कालपासून माही ड्युटी आहे." देवचंदचा फोन बंद. स्टेशनात विचारलं, टँकर सापडला का? म्हणाले, वरून काही आलेलं नाही.
संध्याकाळी परत फाटकावर गेलो. नवा माणूस म्हणाला, "टँकरची गाडी येऊन राहिली, मांगं सरा." तारेबाहेर उभा राहिलो. गाडी हळू होती, नंबर वाचता येत होते. पहिला, नाही. दुसरा, नाही. तिसऱ्याचे शेवटचे आकडे धुळीने झाकलेले…