एक चिंचोका जास्तीचा

कोलूमामा,

तू वारला, आता हे पत्र कुठी टाकू? तरी लिहून राह्यली.

पुण्यात मी व्हिडिओ गेम बनवते, पण पहिला गेम तूच शिकवला. धानोऱ्याच्या वाटेवरच्या खडकावर कोरलेला पट. गोटा म्हणजे वाघ, चिंचोके म्हणजे बकऱ्या. बकऱ्यांनी त्याले घेरायचं. मी 'वाघ' म्हटलं की तू डोळे वटारायचा. "जंगलात त्याचं नाव नाई घेत, पोरी. मोठा म्हण." तवापासून कोणत्याही गेममधल्या शेवटच्या राक्षसाले मी मोठाच म्हणते. ऑफिसातले हसतात.

एक सांगायचं राह्यलं. मी तुले हरवलं अन् तू गावभर सांगत फिरला, त्या डावात मी एक चिंचोका जास्तीचा ठेवला होता.

परवा गावाले आली, काल सकाळी खडकावर गेली. पटावर तो बसला होता. खरा. सगळ्या रेघा झाकून, ऊन खात. केवढा, मामा! माझ्या कोणत्याच स्क्रीनवर मावला नसता. पळायचं सुचलंच नाई. मुठीतले चिंचोके घामानं भिजले.

"मोठा," एवढंच तोंडातून निघालं.

त्यानं माझ्याकडे पाह्यलं. चाल त्याची होती. मी थांबली. तो उठला अन् सावकाश बांबूत शिरला.

मामा, या बारीले चिंचोके बरोबर मोजून नेले होते.

तुझी भाची,
दीपाली