अंगठ्याचं मशीन

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

नोकरीचा पहिला दिवस. खर्डीहून शहापूर, तिथून मुरबाड आणि मग धसईची एसटी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाताची कापणी चालली होती. भाड्याची खोली मला फार आवडली. एक खिडकी, एक पंखा, मोरीत दोन्ही वेळ पाणी. सुविधा केंद्र बाजारपेठेतच आहे. मालक शेखरदादा बोलके आहेत. त्यांनी मशीनवर माझा अंगठा घेऊन ‘ऑपरेटर अक्षदा’ अशी नोंद केली आणि चहा मागवला. रोज सकाळी हा अंगठा लावला की कॉम्प्युटर मला आत घेणार.

शाळा ओढ्यापलीकडे होती म्हणून तिसरीपर्यंत गुणाआत्याने मला घरीच शिकवलं. तिचे नियम दोनच. जे झालं तेच लिहायचं आणि लिहिलेलं खोडायचं नाही. म्हणून ही वही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

नोव्हेंबर हा पेन्शनवाल्यांचा महिना. म्हातारी माणसं येऊन अंगठा लावतात आणि पोर्टल त्यांना हयातीचा दाखला देतं. पण कापणीने बोटं इतकी झिजलेली असतात की रेषा उमटत नाहीत. काळूरामबाबा नावाचे एक आजोबा आले होते. त्यांनी मला इथली युक्ती शिकवली. अंगठा केसांवरून फिरवायचा, तेल लागलं की मशीन वाचतं. मग स्वतःच्या टकलावर हात फिरवून म्हणाले, “माझ्या डोक्यावर काय नाय गो, तुझ्या येणीचा दे थोडा.” बाकावरचे सगळे हसले. मी वेणी पुढे केली. त्यांचा अंगठा एका झटक्यात जुळला.

कॉम्प्युटर मात्र फार संथ आहे. एक फॉर्म उघडायला सात मिनिटं लागली. टास्क मॅनेजर, म्हणजे चालू कामांची यादी, पाहिली तर प्रोसेसर शंभर टक्के, आणि उघडं काहीच नाही. दादा म्हणाले, वर्षभर असंच आहे.

५ नोव्हेंबर, बुधवार

कारण सापडलं. व्हायरस नव्हता. यादीत सगळ्यात वर ‘सिस्टिम इंटरप्ट्स’ होतं. म्हणजे जोडलेलं एखादं यंत्र प्रोसेसरला सारखी हाक मारतंय, हातातलं टाक, आधी माझ्याकडे बघ. ड्रायव्हर बिघडला की असं होतं. तो यंत्र आणि कॉम्प्युटर यांच्यामधला दुभाष्या. बिघडला की हाक पोचवतो, पण उत्तर परत नेत नाही, मग हाक थांबतच नाही.

शोधायची रीत साधी आहे. एकेक वायर काढत जायची. प्रिंटर काढला, शंभर. कॅमेरा काढला, शंभर. अंगठ्याचं मशीन काढलं, चार. आतला पंखा गप्प झाला. पुन्हा लावलं, शंभर.

६ नोव्हेंबर, गुरुवार

जुना ड्रायव्हर मुळापासून काढून नवा टाकला. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मशीनचा लाल दिवा लागला आणि एक अर्ज आपोआप उघडला. नाव रंगू, वय ७४, तारीख गेल्या वर्षीची, १९ नोव्हेंबर. ‘अंगठा जुळत नाही. पुन्हा प्रयत्न करा.’ शेजारी प्रयत्नांचा आकडा होता आणि तो वाढत होता. काचेवर कोणाचंच बोट नव्हतं.

मला वाटलं, अर्ज अडकला असेल. नवा ड्रायव्हर बोट वाचतो का ते बघायला मी सवयीने अंगठा केसांवरून फिरवला आणि काचेवर टेकवला.

‘जुळला. व्यक्ती हयात आहे.’

दाखला छापूनच बाहेर आला. प्रोसेसर तीनवर. दादांनी खूश होऊन भजी मागवली. मला एकही गेलं नाही. दुसऱ्या बाईच्या नावावर मी माझा अंगठा लावला. दादांना तसं सांगितलं तर नावही न विचारता म्हणाले, सोड ना, म्हातारीचं भलंच झालं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

रंगूला भेटून खरं सांगावं म्हणून काळूरामबाबांना तिचं घर विचारलं. रंगू त्यांच्याच वाडीतली. गेल्या वर्षी अकरा दिवस चालत आली. रोज अंगठा जुळत नव्हता, रोज केंद्रातून तिला ‘उद्या या’ म्हणत होते. बाराव्या दिवशी या बाकावर बसल्या बसल्या गेली. केंद्र बंद होईपर्यंत कोणाला कळलं नाही. बाबा म्हणाले, “डोले उघडेच व्हते. आमाला वाटला, नंबर लावून बसलीय.”

मी तो दाखला रद्द करायला बसले. रद्द करायलाही ऑपरेटरचा अंगठा लागतो. लावला. स्क्रीनवर नाव आलं, रंगू.

१० नोव्हेंबर, सोमवार

सकाळी अंगठा लावला. ‘ऑपरेटरची नोंद नाही.’ पाच वेळा तेच. दादा नवी नोंद करायला बसले तर ही बोटं आधीच कोणाच्या तरी नावावर आहेत म्हणे. शेवटी त्यांनी स्वतःच्या अंगठ्याने कॉम्प्युटर उघडून दिला. म्हणाले, मशीनच बिघडलंय.

चहाचा ग्लास गरम लागला नाही. संध्याकाळी अंगठ्यावर फोड दिसला तेव्हा कळलं, भाजलं होतं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

अंगठ्यावर रेषा नाहीत. फोड बसला आणि खाली नुसतं गुळगुळीत. बाकीच्या बोटांच्याही पुसट होत आहेत. भीती वाटायला हवी. जे आहे ते लिहिते, वाटत नाही.

आत्याला फोन केला. कोण बोलतंय म्हणाली. मी अक्षदा म्हटलं. तिने शांतपणे सांगितलं, आजीबाई, तुमचा नंबर चुकला. आणि फोन ठेवला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

खुर्चीकडे गेले तर दादांनी हात आडवा केला. आजी, तिकडे बसा, नंबर आला की बोलावतो. मी बसले. का बसले, माहीत नाही.

काळूरामबाबा कसल्याशा झेरॉक्ससाठी आले. माझ्याकडे बघितलं. “रंगू?” म्हणाले आणि हातातली पिशवी तिथेच टाकून पळाले.

१७ नोव्हेंबर

अंगठा लावला. केसांवरून फिरवून. केस पांढरे आहेत. जुळत नाही. उद्या या.

१८ नोव्हेंबर

उद्या या.

१९ नोव्हेंबर

पेन्सिल बोटांत आहे हे बघून कळतं. केंद्र बंद होताना दादा माझ्याजवळ आले, खांद्याला हात लावून हलवलं. मग माणसं जमली. बाहेर कोणालातरी उचलून नेलं. मी बाकावरच आहे. वही मांडीवर आहे.

२० नोव्हेंबर

कॉम्प्युटरचा पंखा पुन्हा गरजतोय. दादा म्हणाले, शंभर टक्के.

ती न थांबणारी हाक मी आहे. हात मांडीवर आहेत, तरी काच अंगठ्याखाली आहे. दाबते आहे. उचलता येत नाही—

२४ नोव्हेंबर

नवी मुलगी आली. कुणाली, आटगावची. दादांनी तिचा अंगठा घेतला, चहा मागवला. हुशार आहे. आल्या आल्या टास्क मॅनेजर उघडला.

तिने नवा ड्रायव्हर टाकला तर माझा अर्ज उघडेल. ती स्वतःचा अंगठा लावून बघेल. मग मी सुटेन आणि ती—

जे आहे तेच लिहायचं. तिने लावावा असं मला वाटतं.

खोडत नाही.

पण ती आधी वायरी काढते आहे. प्रिंटरची काढली. शंभर. कॅमेऱ्याची काढली. शंभर. आता खाली वाकली, तिचा हात माझ्या वायरीवर—