ताणावरच्या बागेत पाऊस

तीर्थस्वरूप रामराव मामाजींच्या चरणी जावई शेखरचा शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही सर्व अमरावतीस खुशाल आहोत. (तुमची लेक आचल माझ्याशी बोलत नाही, पण तब्येत उत्तम आहे.) तुमचा ऑपरेशनचा डोळा कसा आहे? थेंब वेळेवर टाकता ना? त्या दिवशी हिरवी पट्टी तशीच बांधून, संक्रांतीच्या तिळगुळाला हातही न लावता तुम्ही आमच्या घरून वरुडची एसटी गाठलीत, तेव्हापासून घरात कोणालाच चैन नाही. माझा फोन तुम्ही उचलत नाही. आचलचा उचलता, पण मागून माझा खोकला ऐकू आला तरी ठेवून देता. म्हणून हे पत्र. पोस्टमन काही तुमचा जावई नाही, त्याच्या हातून तरी घ्याल.

माझ्या धंद्यावर तुमचा राग जुना आहे, हे मी जाणतो. तुम्ही मुलगा बघायला आलात तेच माझ्या पहिल्या नाटकाच्या प्रयोगाला. दुसऱ्या अंकात पडदा अर्ध्यावर अडकला आणि प्रेक्षकांनी नायिकेचे नुसते पाय बघत विरहाचा अख्खा प्रवेश ऐकला. (तरी तुम्ही मुलगी दिलीत, ती आमचं अकोल्याचं कापड दुकान बघून, हे मला लग्नानंतर कळलं. तोवर दुकान भावाकडे गेलं होतं.) मग टीव्हीकडे वळलो. अकोल्याच्या केबलवर आपली कौटुंबिक मालिका लागायची ती नेमकी भारनियमनाच्या वेळेला. तिचा शेवट काय झाला, असं मला विचारणारा आजवर एकच माणूस भेटला, आणि तो तिचा लेखक होता. तेव्हा आता चित्रपट काढतो म्हटल्यावर तुम्ही नुसते हुंकारलात आणि बागेच्या फाटकाची किल्ली दिलीत, हा तुमचा मोठेपणा. मी तो विसरलेलो नाही.

आता बागेतल्या शूटिंगच्या त्या दिवसाचं. तुमच्या चुलतभावाने, म्हणजे खुशालकाकांनी, तुम्हाला सगळं कळवलंच आहे. पण स्वतःचा भाग त्यांनी गाळला असणार, म्हणून सविस्तर लिहितो. ऑपरेशनसाठी इकडे यायला निघताना तुम्ही बजावलं होतं, की फांदी मोडायची नाही, बिडी ओढायची नाही आणि चपला घालून झाडांच्या बुडाच्या आळ्यांत पाय द्यायचा नाही. मामाजी, यातलं एकही मोडलं नाही. आमचा नायक अनवाणी होता. पाण्याचं तुम्ही काही बोलला नव्हतात. बोलणार तरी कशाला? वरुड-मोर्शीच्या अख्ख्या पट्ट्यात पौषात ताणावरच्या संत्र्याला पाणी पाजणारा माणूस अजून जन्मलेला नव्हता. आंबिया बहारासाठी झाडांचं पाणी तोडतात, ती तहानेनं मलूल झाली की मग एकदम पाणी देतात आणि बाग फुलांनी लदबदते, हे मला आज तोंडपाठ आहे. त्या दिवशी कापडात वाढलेल्या मला फक्त एवढंच दिसलं, की सासऱ्याची झाडं सुकून चालली आहेत.

प्रसंग होता बागमालकाच्या अंत्ययात्रेचा, भर पावसातला. (पावसाचा आग्रह दिग्दर्शिकेचा. ही कहकशाँ, अकोल्याच्या अब्दुल सत्तार टेलरांची मुलगी. माझा लग्नाचा कोट त्यांनीच शिवला होता.) प्रेताची भूमिका खुशालकाकांनी केली. त्यांना खरं तर संवाद हवे होते, पण सगळा प्रसंग त्यांच्याभोवतीच फिरतो असं सांगितल्यावर ते आनंदाने तिरडीवर झोपले. काही झालं तरी डोळे उघडायचे नाहीत, ही माझी सक्त ताकीद. दोन टँकर आणले होते. एकातून पाऊस सुरू झाला, बाया धाय मोकलून रडू लागल्या. दुसरा टँकर नुसताच उभा. म्हटलं, एवढं पाणी वाया कशाला घालवायचं? मी पाइप ओढून विहिरीकडच्या तीन ओळींच्या बुडाशी सोडला. आळी तुडुंब भरली. मामाजी, मला अगदी भरून आलं होतं. वाटलं, आज पहिल्यांदा जावयाने सासऱ्याचं काही भलं केलं.

आळी भरून पाणी धुऱ्याच्या बांधाकडे निघालं. धुऱ्यापलीकडे खुशालकाकांची बाग, आणि वाटेत जमिनीवर टेकवलेल्या तिरडीवर खुशालकाका. पाठीला गार लागलं तेव्हा त्यांनी एक डोळा उघडला, माझ्या हातातला पाइप पाहिला, आणि नाकात कापूस, कपाळाला गुलाल अशा अवतारात ते तिरडीवर ताडकन उठून बसले. "अबे, ताणावरच्या झाडाईले पानी काहून देऊन राहिला बे? रामराव भाऊ सोडन का मले!" रडणाऱ्या बाया चपला टाकून पार रस्त्यापर्यंत पळाल्या. कहकशाँ 'कट' म्हणायला विसरली.

ते सगळं कॅमेऱ्यात आलं. मागच्या आठवड्यात अकोल्यात आम्ही ते पाहायला बसलो. मी मान खाली घालून बसलो होतो. पण खोलीतले सगळे पोट धरून हसले, चहावाला किटली हातात घेऊन दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "पुन्हा लावा ना भाऊ." मामाजी, इतकी वर्षं लोक मला हसत आले, माझ्या कामाला हसले ते त्या दिवशी पहिल्यांदा. मला रडू आलं. कहकशाँने तिथल्या तिथे ठरवलं, "शेखरभाई, ये रोनेवाली पिक्चरच नाही. आपण हसायची काढून राहिलो." तेव्हा आता आमच्या चित्रपटात बागमालक जावयाच्या अकलेमुळे तिरडीवरून उठतो, आणि पुढे त्या दोघांचं जमतं कसं, याची गोष्ट आहे.

तुमच्या त्या तीन ओळींचं मला मनापासून वाईट वाटतं. खुशालकाका म्हणतात, तिथे बारीक कळ्या धरल्यासारख्या दिसतात. ती फुलं की नुसतीच पानांची नवती, हे तुम्हीच सांगू शकाल. काहीही असो, तुम्ही मला क्षमा करावी, याखेरीज या पत्राचा दुसरा कोणताही हेतू नाही. सासूबाईंना नमस्कार.

आपला अपराधी,
शेखर

ता. क. : उरलेल्या बागेचा ताण तोडून तुम्ही कोणत्या दिवशी पाणी सोडणार, तेवढं कळवाल का? आमच्या चित्रपटाला शेवट नाही. जावई नारळ फोडतो, सासरा स्वतःच्या हाताने पाणी सोडतो आणि जावयाकडे एकदा बघतो, एवढाच हवा आहे. पाणी तुमचं, वेळ तुमची, टँकर आणणार नाही. सासऱ्याचं काम मात्र तुम्हीच करावं. खुशालकाका तयार आहेत, पण तुमच्या बागेत पाणी त्यांनी सोडलेलं मलाच बघवणार नाही.

ता. क. २ : पाकीट चिकटवता चिकटवता खुशालकाकांचा फोन आला. म्हणाले, "रामराव भाऊनं कालच मिशीले कलप लावला. मले इचारून राहिले, शुटिंगवाले कवा येतात म्हनून." तेव्हा वरचं पत्र वाचलं नाहीत तरी चालेल. फक्त कलप आजच धुऊन टाका; कहकशाँला मिशा पांढऱ्याच हव्या आहेत.