देवीमागची काळी रेघ

३ जुलै २०२५, गुरुवार

आज विमान चालविले — वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी! खरे नव्हे, संगणकातले. माझी नात कोमल कामशेतला पॅराग्लायडिंग शिकविणाऱ्यांच्या कचेरीत नोकरीस आहे. विमान उडविण्याचा खेळ तिने घरच्या संगणकावर आणला आहे. त्याचा दांडा माझ्या हाती देऊन म्हणाली, "बोला आबा, कुठं जायचं? लंडन?"

मी म्हणालो, "आपल्या डोंगरावर ने."

इंद्रायणी दिसली, रेल्वेचे रूळ दिसले, डोंगराच्या पायथ्याशी आमची वाडी दिसली. केवढीशी! मग वरचे पठार. बंगलेवाल्यांनी ते विकत घेऊन तारेचे कुंपण घातल्यापासून माझे पाऊल तेथे पडलेले नाही. वाघजाईचे देऊळ मात्र लगेच ओळखले.

देवळाच्या मागे एक काळी रेघ होती. धनुष्यासारखी वाकलेली. दोन्ही टोके आमच्या वाडीकडे वळलेली.

दांडा हातून सुटला. विमान डोंगरावर आदळले. कोमल हसली. मला हसू आले नाही.

४ जुलै

झोप नाही. टीव्हीवर पाहिलेली ती दुसऱ्या तालुक्यातली वाडी डोळ्यांपुढून हलत नाही. आदल्या दिवशी घरे होती. सकाळी नुसता चिखल.

कोमलला पुन्हा तेथे न्यावयास लावले. "आबा, हे उपग्रहावरून काढलेले फोटो असतात. जुनेही असतील. सावली असेल ती."

सावली! कशाची? तेथे एक झाड नाही.

७ जुलै

ग्रामपंचायतीत जाऊन सांगितले. डोंगराला भेग पडली असावी, कोणीतरी वर जाऊन पाहावे — एवढेच. आवाज चढविला नाही. उपसरपंच पप्पू म्हणाला, "आबा, कंप्युटरात तर म्या रोज धा-धा माणसं मारतोय. आलं का पोलीस?"

सगळे हसले. चहा न घेता उठलो. माझ्यासमोर ह्याच्या बापाने कधी खुर्ची घेतली नव्हती!

ठरले. मीच जाईन. आखाडातल्या मंगळवारी देवीचा नैवेद्य घेऊन जाणाऱ्यास बंगलेवाल्यांना फाटक उघडून द्यावे लागते. जमीन विकताना गावाने तेवढे एक राखून ठेवले आहे.

१४ जुलै

उद्या मंगळवार. कोमलखेरीज घरात कोणास कळू दिलेले नाही.

१५ जुलै

जाऊन आलो.

संगणकातल्या डोंगरावर ऊन होते. खऱ्या डोंगरावर धुके! स्वतःचा हात दिसेना. देवीपुढे नारळ फोडला, पुरणपोळी ठेवली, आणि देवळाच्या मागे निघालो. विमानातून पाहिलेले सर्व मनात होते, पण पायांस त्याचा काय उपयोग? कोमलने मागून सदरा घट्ट धरला होता. "आबा, बास. परत फिरा ना, प्लीज." मी काठी पुढे टेकीत, एकेक पाऊल टाकीत होतो. भेग खरोखर असेल तर? तीत मीच गेलो तर? ही पोरही माझ्यामागून जाईल!

काठी टेकली नाही. थेट खाली गेली.

आणि बुडबुड असा आवाज आला. पाणी!

धुक्यातून मकसूद आला. कामशेतचा आहे, कुंपणावर पहारा करतो. "ओ आबा, सांबाळून! चर हाय त्यो. पानी अडवायला सायबानं खणून घेतलाय. काठोकाठ भरलाय बगा."

चर! माणसांनी खणलेला चर. मी तेथेच ओल्या गवतावर बसलो. कोमल म्हणाली, "आबा, रडताय?" मी म्हणालो, डोळ्यांत धुके गेले.

उतरताना मकसूदने माझा फोन नंबर घेतला. "पुन्हा येनार आसलात तर आदी कळवा. ह्या वयात आसं धुक्यात फिरू नगा."

वाघजाईची शपथ, यापुढे डोंगराविषयी एक अक्षर बोलणार नाही.

१९ जुलै

बातमी वाडीभर झाली आहे. मला 'पायलट' म्हणतात. रस्त्याने निघालो की पप्पू दोन्ही हात पसरून बाजूस होतो — "उतरू द्या, उतरू द्या!" आज विठाबाईने, माझ्या धर्मपत्नीने, पेला पुढे करून म्हटले, "घ्या पायलट, च्या."

प्यालो नाही.

पाऊस थांबत नाही.

२२ जुलै

चुलीमागच्या भिंतीच्या बुडाशी पाणी आले आहे. डोंगराकडची भिंत. पाणी स्वच्छ, गार. विठाबाईने पोते टाकले. "पावसाळा हाय. झिरपनारच की. तुमी नगा आता काय काढू."

काढले नाही. शपथ आहे. शिवाय ते हसणे पुन्हा सोसवणार नाही.

पण पूर्वी कधी तेथे पाणी आले नव्हते.

२४ जुलै, सकाळ

मकसूदचा फोन. "आबा, चर कोरडा पडलाय! रातीत समदं पानी गेलं. बांद फुटला न्हाई, वरनं वाहिलं न्हाई. आन् तळाला भेग दिसतीया — हात जातोय आत."

चुलीमागे पाहिले. पाणी लाल झाले आहे. मातीसह येते आहे.

विठाबाईस व कोमलला डोंगरापासून लांबच्या शाळेकडे धाडले आहे. मी टोपी घातली आहे. पहिले दार पप्पूचे. हसू दे त्याला, पण रस्त्याने चालता चालता हसू दे.