परक्या मुलाचे आडनाव

मद्रास, १९६१

चि. सौ. वसंतास अण्णाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या लेकाचे, गुरूचे रक्त थांबले. काढलेल्या दाढेची जागा अजून सुजलेली आहे, पण काल त्याने दहीभात मागितला. घरी आल्यावर मात्र त्याला झाडावर चढू देऊ नकोस.

इथे त्याचे रक्त दुसऱ्या एका आजारी मुलाच्या रक्तात मिसळून पाहिले. वेगवेगळे गोठत नव्हते, एकत्र गोठले. म्हणजे दोघांतली उणीव निराळी, एकाची दुसऱ्याने भरून काढली. मग डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले, ख्रिसमस. मी म्हटले, "हा सण आमच्या घरात कुणी करत नाही!"

ते हसले. "राव सार, सण नव्हे. परदेशात ज्या मुलामुळे हा आजार वेगळा ओळखला, त्याचे हे आडनाव."

वसंता, देवापुढे बसलो तरी त्या मुलाचा हेवा जात नाही. त्याच्या आजाराला त्याचे नाव मिळाले. तू न पाहिलेला आपला भाऊ मानू कान टोचल्यावर रक्त वाहून गेला, तेव्हा गावाने आईला नावे ठेवली. अमावास्येला कान टोचले म्हणे!

त्या परदेशी आईचा तर जास्तच हेवा वाटतो. तिला कुणी तिथी विचारली नसेल.

आई तुझ्याकडेच आहे ना? गुडघे कसे आहेत? तिला सांग, मानूच्या रक्तातही हीच उणीव असावी, असे डॉक्टर म्हणाले. तिथीचा दोष नाही. अमावास्येला ती अजून पाणीही पीत नाही. येत्या अमावास्येला तिला समोर बसवून जेवू घाल.

तुझा,
राघोत्तमअण्णा