तीस एप्रिलचा शिरा

२२ एप्रिल, मंगळवार
पहाटे बाकं वाजल्याच्या आवाजानं जाग आली. इथे ऑस्ट्रेलियात, स्प्रिंगफील्ड लेक्सला कुठली बाकं. लालबागच्या शाळेतली ती. सातवी ब, चाळीस-पंचेचाळीस पोरं मुठींनी ठेका धरून मी केलेली कविता म्हणताहेत. 'भाताच्या रोपा, सांग मुळाशी रक्त कुणाचे रे?' मागून अख्खा वर्ग, 'आमचे रे, आमचे रे!' तिकडे व्हिएतनामात सायगाव पडलेलं, अमेरिका पळालेली. इकडे मी, मराठीचा मास्तर, जणू मीच लढाई मारली. हेडमास्तरांनी बोलावून विचारलं, ही कविता कुठल्या पुस्तकातली?
पुढच्या बुधवारी, तीस तारखेला, त्याला पन्नास वर्षं.

२४ एप्रिल, गुरुवार
मिलिंदच्या ऑफिसातलं काम ऑगस्टपासून व्हिएतनामला. तिकडे निम्म्यात होतं म्हणे. जेवताना म्हणाला, "बाबा, तुमच्या क्रांतीनं माझी टीम खाल्ली." सून हसली. मी भातावर वरण ओतत राहिलो.
नंतर नातीचे, इराचे बूट उलटे करून पाहिले. तिथलेच. ज्यांच्यासाठी घसा फोडला ते आता साहेबाला स्वस्त पडतात. आमच्या गिरण्यांचे टॉवर झाले, मोर्चातल्यांची पोरं त्यांच्याच गेटवर वॉचमन. तरी मन म्हणतं, ते निदान जिंकले. आपलं तर तेही...

२७ एप्रिल, रविवार
तामबरोबर तळ्याला फेरी. शेजारचा व्हिएतनामी म्हातारा, माझ्याच वयाचा. ओळखीला दोन वर्षं झाली. दोघांचं इंग्रजी मिळून एक माणूस होईल. म्हणून तो त्याच्या शाळेतल्या कविता म्हणतो, मी माझ्या. अर्थ कुणालाच लागत नाही, चाल लागते. आज बाकावर बसून त्यानं माझ्या मात्रा बोटांवर मोजल्या. बरोबर मोजल्या. सुमन गेल्यापासून माझी कविता ऐकणारा हा एकटाच.
भाऊ लढाईत गेला, एवढंच एकदा बोलला होता. "वॉर. ब्रदर फिनिश." मी त्याचा हात दाबला होता.
आपल्याकडे शेजाऱ्याची ताटली रिकामी परत करत नाहीत, हे मीच त्याला शिकवलं. तेव्हापासून कधी मिरच्या येतात, कधी पुदिना. बुधवारी शिरा नेणार. केळं घालून.

३० एप्रिल, बुधवार
काय केलं मी हे.
सुमनचं नाव कोरलेल्या ताटलीत शिरा, वर रुमाल. ताम दारात आला तो पांढरा शर्ट, काळा टाय घालून. आत उदबत्तीचा वास. मला वाटलं, यांच्याकडेही साजरं करताहेत. मूठ वर केली. म्हणालो, "काँग्रॅच्युलेशन्स, ताम. फिफ्टी इयर्स. व्हिक्टरी."
त्याची बायको लिएन आतून येऊन त्याचा दंड धरून उभी राहिली.
"यू हॅपी?" त्यानं विचारलं.
"व्हेरी हॅपी," मी म्हणालो.
त्यानं ताटली घेतली आणि दार लावलं. आपटलं नाही. हळू लावलं.
संध्याकाळी इराला विचारलं. तिनं फोन बाजूला ठेवला, तेव्हाच कळलं काहीतरी बिघडलंय. "आबा, दॅट्स देअर वर्स्ट डे. दे लॉस्ट देअर कंट्री." तामची नात हिच्या वर्गात. तामचा भाऊ हरलेल्या बाजूनं लढला. ताम स्वतः सहा वर्षं जिंकलेल्यांच्या कॅम्पात, कैदेत. लिएन होडीतून निघाली, तिची आई वाटेत...
"तू मला आधी का नाही सांगितलंस?"
"यू नेव्हर आस्क्ड, आबा."

३ मे, शनिवार
ताम फेरीला नाही. सलग तिसरा दिवस. बाकावर एकटा बसलो. एक कविता धरली, दुसऱ्या ओळीशी सोडून दिली.
त्या कॅम्पांना आमच्या डाव्या अभ्यासवर्गात 'पुनर्शिक्षण' म्हणायचे. मास्तर माणूस मी, मला शब्द फार आवडला होता. वहीत लिहून घेतला होता.

६ मे, मंगळवार
मिलिंद म्हणतो, सॉरीचं कार्ड टाका, विषय संपवा. आणलं. सकाळपासून कोरंच आहे. अमेरिकेनं बॉम्ब टाकले ते काही खोटं नव्हतं, ते मी अजूनही म्हणेन. पण ते तामच्या दारात, त्याच्या भावाच्या उदबत्तीसमोर?
भाताच्या रोपा, सांग मुळाशी. पंचेचाळीस पोरांना एकच उत्तर पाठ करून घेतलं मी. एकानंही वेगळं म्हटलं असतं तर हातावर छडी दिली असती.

९ मे, शुक्रवार
नऊ दिवस झाले. ताटली तिकडेच. मिलिंद म्हणाला, दुसरी घ्या, दोन डॉलरला मिळते. त्याला काय सांगू. तिच्यावर त्याच्या आईचं नाव आहे, हे एक. आणि ती रिकामी आली तर त्याचा अर्थ मला बरोबर कळेल. मीच शिकवलाय.
कार्डावर 'प्रिय ताम' एवढंच झालंय. पुढे
बेल वाजली. घरात मी एकटाच. काचेतून दिसतंय, ताम नाही. लिएन. दोन वर्षांत कधी आमची पायरी न चढलेली. दोन्ही हातांत सुमनची ताटली, वर माझाच रुमाल, इस्त्री केलेला. रुमाल सपाट आहे की मधे उचललेला, ते इथून, या चष्म्यातून, दिसत नाही.
पुन्हा बेल. उठतो.