परत धाडलेली मेढ

साखरशेतजवळचा पाडा,
जव्हार संस्थान,
मंगळवार, ता. ११ फेब्रुवारी १९१३

प्रिय रुपीबाय,

तुला आणि दवाखान्यातल्या सर्व बायांना माझा सलाम. नाताळात आलेल्या तुझ्या पत्राला मी अजून उत्तर दिले नाही, म्हणून तू रागावली असशील. तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा कागद फाडला. आता शाई थोडीच उरली आहे, तेव्हा या खेपेला फाडणे जमणार नाही. कुठे अक्षर खोडलेले दिसले तर ते चुकीचे होते म्हणून खोडले आहे असे समज. तुझ्यापासून काही लपवले आहे असे समजू नकोस. लपवून बरेच दिवस झाले, आणि त्यानेच मला झोप नाही.

आधी बातमी लिहितो. आम्ही तिन्ही घरची माणसे बरी आहोत. तुकाबाबांचा गुडघा थंडीने धरला होता तो सुटला. भागीआईने आश्रमातून आणलेल्या कोंबड्यांतल्या दोन मुंगसाने नेल्या. नागली पोटापुरती झाली. पाद्रीसाहेबांची चिठ्ठी आली आहे की दोन मार्चच्या रविवारी ते इथे येतील, आणि तोवर प्रार्थनाघर उभे असावे. आज हातात तीन आठवडेही नाहीत. कारवी तोडून आणली आहे, बाजूचे खांब रोवले आहेत, पण मधली मेढ नाही. मधल्या मेढीवाचून छप्पर कशावर ठेवणार? रोज सकाळी उठून मी मेढीसाठी खणलेल्या खड्ड्यात पाहतो, जणू तिथे आपोआप काही उगवणार आहे.

आम्ही तिन्ही घरे आश्रम सोडून दसऱ्यानंतर इथे आलो तो दिवस तुला लिहायचाच राहिला. दुष्काळाआधी इथे पाच घरे प्रार्थना करीत, आपला बाबा त्यांत होता, हे तू मला आश्रमात सांगायचीस. मला त्यातले काहीच आठवत नाही. तुकाबाबांना मात्र सगळे आठवते. आंब्याखाली प्रार्थनेची कुडाची झोपडी होती, तिचे चार धोंडे त्यांनी कोयत्याने कारवी साफ करून शोधून काढले. चौथा धोंडा सापडला तेव्हा ते त्यावर बसून मोठ्याने रडू लागले. त्याच वेळी भागीआई टाळ्या वाजवून गाऊ लागली. बांधावर पाड्यातली माणसे उभी होती. कोणी मेले आहे की कोणाचे लग्न आहे हे त्यांना कळेना.

शास्त्रातही अगदी असेच आहे. यहूदी लोक बाबेलच्या बंदिवासातून परत आले, पडलेल्या मंदिराचा पाया घातला, तेव्हा ज्यांनी जुने मंदिर पाहिले होते ते म्हातारे रडले आणि बाकीच्यांनी जयघोष केला, आणि कोणता आवाज कशाचा हे लोकांना ओळखता येईना. ती गोष्ट मला फार जवळची वाटते, कारण तिच्यातली माणसे भ्यालेली आहेत. त्यांना आजूबाजूच्या लोकांची भीती वाटत होती. तरी त्यांनी भिंतींची वाट पाहिली नाही, आधी वेदी मांडली आणि भजन सुरू केले. मी तुकाबाबांना म्हटले, आपणही तसेच करू. पहिल्याच रविवारी आम्ही त्या चार धोंड्यांमध्ये बसलो. मी वाचत होतो आणि वाटेवर कोणी थांबले की माझा आवाज बसत होता. पण वाचणे थांबवले नाही. एवढे एक मी बरोबर केले.

आता ते नाव लिहितो जे तुला कागदावरसुद्धा चालत नाही. आपला सख्खा ढवळूदादा जिवंत आहे, इथेच आहे, आणि आम्ही आलो त्या दिवशी बांधावरच्या माणसांत तोही उभा होता. मी त्याला ओळखले नाही. त्याने मला ओळखले. बाबासारखा चालतो असे म्हणाला. बाबाचा डोंगरउतारावरचा वरकस जमिनीचा तुकडा त्याने इतकी वर्षे पडू दिला नाही. दरवर्षी निम्म्यात स्वतःची नागली लावायची आणि निम्म्यात आपल्या दोघांची, असे तो करीत आला. आपली म्हणजे तुझी आणि माझी. मी विचारले, आमची नागली खाल्ली कोणी? तो म्हणाला, पाड्याने. दुष्काळानंतर तो एकटा परतला तेव्हा पाड्यानेच त्याला पोसले होते. तो पाड्यातल्या लोकांबरोबर वाघदेवाला जातो, कोंबडे कापतो, सगळे करतो. हे पाहून मला फार दुःख झाले, आणि खरे सांगतो, थोडी भीतीही वाटली. वाटले, याच्याजवळ बसलो तर मीही तसाच होईन.

माझी चूक इथून पुढे आहे. इथे नवे घर उभे राहायचे असले की पाडा सावडीला येतो. बोलवावे लागत नाही. कोणी गवताचा भारा आणतो, कोणी वेत, कोणी नुसते हात. आणि मधली मेढ घरातल्या थोरल्याने आणायची, हा रिवाज आहे. संक्रांतीनंतरच्या सोमवारी सकाळी सगळा पाडा आमच्याकडे आला. डोक्यावर भारे. पुढे ढवळूदादा आणि त्याच्याबरोबर तिघे, खांद्यावर खैराची मेढ. ते खोड त्याने जंगलठेकेदाराकडे लाकूडतोडीच्या मजुरीऐवजी मागून घेतले होते आणि दोन पावसाळे डोहात बुडवून ठेवले होते, वाळवी लागू नये म्हणून. आम्ही येणार हे कोणालाच माहीत नव्हते तेव्हापासून. मागच्या माणसाच्या हातात दारूची बाटली होती आणि काखेत कोंबडे, मेढीच्या बुडाशी द्यायला.

मी ती बाटली पाहिली. मला शास्त्रातली पुढची ओळ आठवली. मंदिर बांधताना आसपासचे लोक येऊन म्हणाले, आम्हीही तुमच्याबरोबर बांधतो. आणि पुढाऱ्यांनी सांगितले, आमच्या देवाचे घर बांधण्यात तुमचा काही भाग नाही, आम्हीच बांधू. मी आत जाऊन शास्त्र आणले. उभा राहून, बोट ठेवून, एकेक अक्षर स्पष्ट म्हणत ती ओळ सगळ्यांना वाचून दाखवली. रुपीबाय, इतके शुद्ध मी कधी वाचले नव्हते.

कोणी भांडले नाही. एकेकाने भारा जागच्या जागी खाली ठेवला आणि चालू लागला. कोंडीआजी तेवढी जाताना म्हणाली, "तुमचा देव गवतानं पण बाटतो का रं?" ढवळूदादा मेढ खांद्यावर घेऊन बराच वेळ तसाच उभा होता. त्याला काही विचारायचे असावे. मी शास्त्र मिटून छातीशी धरले होते, म्हणून त्याने विचारले नाही. ते चौघे मेढ घेऊन परत उतरले.

त्या दिवसापासून पाड्यात आमच्याशी कोणी बोलत नाही. भागीआई विहिरीवर गेली की बाया गप्प होतात आणि ती परत फिरली की बोलू लागतात. सावड परत धाडलेली इथे कोणाच्या आठवणीत नाही. गवताचे भारे तसेच पडून आहेत. आमचे नाहीत म्हणून आम्ही हात लावत नाही आणि दिलेले म्हणून ते परत नेत नाहीत. तुकाबाबा मला काही बोलले नाहीत, कारण त्यांना वाचता येत नाही आणि मी वाचले ते शास्त्रातलेच होते. भागीआई मात्र चूल फुंकता फुंकता म्हणाली, "बाटली परत करायची होती रं. माणूस कशाला परत केला?" मी तिला उत्तर दिले की शास्त्र मी लिहिलेले नाही. हे उत्तर आठवले की मला लाज वाटते.

तुला ठाऊक आहे, आश्रमात चौथीत मला तापाने धरले आणि शाळा तिथेच सुटली. वर्गात ही गोष्ट चालू होती ती नेमकी त्या नकारापर्यंत आली होती. पुढे काय झाले ते मी कधी वाचले नाही. मला वाटे, नकार दिला आणि मंदिर झाले. गेल्या आठवड्यात पाद्रीसाहेबांपुढे वाचायला तो सगळा भाग मोठ्या अक्षरात उतरवून काढायला बसलो. उतरवताना ओळ गाळता येत नाही. पाहतो तो, नकारानंतर काम बंद पडले. पुष्कळ वर्षे बंद राहिले. पुढे मंदिर झाले, सण आला, आणि सणाचे जेवण कोणी खाल्ले हे तिथे लिहिले आहे. बंदिवासातून आलेल्यांनी खाल्ले, आणि त्या देशातल्या ज्यांनी ज्यांनी अशुद्ध चाली सोडून देवाला शोधायला यांच्यात मिसळायचे ठरवले, त्यांनीही खाल्ले. मी ती ओळ तीनदा ताडून पाहिली. मग तुकाबाबांना वाचून दाखवली. ते म्हणाले, म्हणजे पंगतीत जागा ठेवली होती तर.

माझ्या मनात तेव्हापासून एकच विचार घोळतो आहे. आपण नेले गेलो. जे मागे राहिले ते काही पळून गेले नव्हते. आश्रमात आपल्याला दोन वेळची पेज होती, रविवारी गाणी होती, शुद्ध लिहायला शिकवणारे मास्तर होते. दादाला कोणी काय शिकवले? ज्यांनी भाकर दिली त्यांच्या देवापुढे तो बसला. मी त्याला मिसळायला ये असे एकदाही म्हटले नव्हते. तुझा भाग नाही एवढेच म्हटले, तेही तो मेढ घेऊन दारात उभा असताना.

काल मी त्याच्याकडे गेलो. वाटेत आधी कोंडीआजी भेटली. ती म्हणाली, "आता काय निघालं पोथीत?" मी म्हटले, पुढचे पान निघाले. तिला हसू आले आणि मला रडू आले. मग तिनेच सांगितले की दादा खळ्यावर आहे. मी त्याच्यापुढे उभा राहून सगळे बोललो. मेढीला दारू आणि कोंबडे देता येणार नाही, ते मी आजही नकोच म्हणेन, हेही बोललो. पण तू हवास. मग त्याने मला दुष्काळातल्या छावणीच्या दारातली गोष्ट सांगितली. ती तुला सांगितल्यावाचून मला आता जेवण जाणार नाही.

तू मला नेहमी सांगत आलीस की तो आपल्याला दारापाशी बसवून, आत्ता येतो म्हणाला, आणि मागे न पाहता गेला. तो तसे म्हणाला हे खरे आहे. पण दारावरच्या मुनशीने त्याला आधीच सांगितले होते की ज्यांचे कोणी नाही अशीच मुले आत घ्यायची, थोरला भाऊ असला तर नाही. तो चौदा वर्षांचा होता. तो म्हणाला, "मी असलो तर तुम्ही मरताव. म्हणून मी नव्हतो." तो गेला तो बांबूच्या बेटामागे. मुनशीने तुझा हात धरून आपल्याला आत नेले आणि दार लावले, तोवर तो तिथून पाहत होता. पुढे कित्येकदा यावे असे त्याला वाटले. पण भाऊ आहे हे कळले तर आपल्याला बाहेर काढतील या भीतीने तो आला नाही, आणि आपण मोठे झाल्यावर लाजेने आला नाही. हे सांगताना तो माझ्याकडे पाहत नव्हता. मग म्हणाला, "त्या दिवशी मी तुमचा कोणी नव्हतो म्हणून तुम्ही जगलाव. परवा तू पण तेच वाचून दाखवलंस. मी म्हटलं, बरोबर असंल." रुपीबाय, मला वाटले जमीन फाटावी.

मी त्याच्या पाया पडलो. मेढ आण म्हणालो. तो म्हणाला, तुझ्याशी माझे काही नाही, तू लहान होतास. खोटे मी रुपीशी बोललो. तिने आण म्हटले तर आणीन, आणि रविवारी तुमच्यात बसेनही, बसून काय होते ते पाहीन. तिने नाही म्हटले तर मेढ दाराशी ठेवून जाईन, ती तुमची आहे, पण मी आत येणार नाही. हे तिला लिही, असे त्यानेच सांगितले. म्हणून हे पत्र. त्या यहूदी लोकांचे काम एका राजाच्या पत्राने बंद पडले होते आणि दुसऱ्या राजाच्या पत्राने पुन्हा सुरू झाले, हेही मला परवा उतरवतानाच कळले. तू त्याला माफ कर असे मी लिहीत नाही. बारा-तेरा वर्षांचे दुःख तुझे आहे, मी तेव्हा तुझ्या कडेवर होतो. पण दोन ओळी लिही, आणि लवकर लिही, म्हणजे दोन मार्चच्या आत जव्हारच्या टपालात त्या पडतील. मी दर दोन दिवसांनी चालत जाऊन विचारीन. दादाला वाचता येत नाही, मीच त्याला वाचून दाखवणार. त्यात काय असेल या विचारानेच मला आत्तापासून धडकी भरली आहे. तरी तुला वचन देतो की जे लिहिशील ते, कडू असले तरी, एकही अक्षर न गाळता आणि एकही न घालता त्याला वाचून दाखवीन.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला, तुझाच धाकटा भाऊ,
माघ्या